तिसरा हिसका

सून गेली होती नुसती कानस आणायला. सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान थंडीपासून बंद होतं. किल्ली सासूबाईंच्या उशाखाली असायची. त्या दिवशी सकाळी म्हातारीनं ती स्वतःहून काढली आणि सुनेपुढं ठेवली.

"जा गं, ह्यांची बारीक कानस घेऊन ये. मधल्या खणात असेल. शेजारी एक पत्र्याची डबी आहे, तीही आण. वाजवून बघ, आत बिया असतील."

"कसल्या बिया, आई?"

"आणशील तेव्हा कळेल. का दुकानात जायची भीती वाटते?"

भरदिवसा कसली आलीय भीती? पण शटर वर केलं आणि आतला वास अंगावर आला, तेलाचा, पितळेचा, म्हाताऱ्याच्या स्वेटरचा. सून दारातच थबकली. भिंतीवरची घड्याळं सगळी बंद पडलेली, आणि प्रत्येकात वेगळीच वेळ. तिनं खण उघडला, हाताला लागलं ते घेतलं आणि मागं न बघता बाहेर पडली. रस्त्याला लागेपर्यंत डबी तिच्या हातात खुळखुळत होती.

घरात दोघीच बायका. सुनेचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी यायचा तोही पाहुण्यासारखा. सून एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून संध्याकाळी घरी आली की तिच्या पायांत जीव नसायचा. आणि सासू? सासू म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेली बाई. साखरेच्या डब्यात मीठ भरायची, पाहुण्याच्या चपला झाडावर टांगायची आणि वर तोंड करून विचारायची, "कावळ्यांनी नेल्या वाटतं?" म्हाताराही कमी नव्हता. दुकानातून आल्याआल्या बायकोचं मनगटी घड्याळ तासभर पुढं करून ठेवायचा, म्हणजे ती धावतपळत स्वयंपाकाला लागायची आणि तो खुर्चीत बसून खुदुखुदु हसायचा.

पण दोघांचा आवडता खेळ एकच. मेल्याचं सोंग. सकाळी एकानं डोळे मिटून, श्वास धरून पडायचं. दुसऱ्यानं गुदगुल्या करायच्या, चिमटे काढायचे, रडल्याचं नाटक करायचं. जो आधी हसेल तो हरला, त्यानं चहा करायचा.

थंडीत एका सकाळी म्हातारा हसलाच नाही.

सासूनं तळपायाला गुदगुल्या केल्या, कानात फुंकर मारली. "पुरे झालं सोंग, चहा गार होतोय," अशी थाप मारली. मग वैतागून स्वतःच चहा केला, पलंगाशी बसून स्वतःचा कप प्यायली, आणि त्याला चिडवायला म्हणून त्याचाही प्यायली. सून कामाला निघाली तेव्हाही ती त्याच्याशी बोलतच होती. "बघू किती वेळ धरतोस दम." सुनेनं जाता जाता सासऱ्यांच्या कपाळाला हात लावला, आणि ते थंडगार होतं.

त्या दिवसापासून म्हातारी गप्प झाली. साखर साखरेच्या डब्यात, मीठ मिठाच्या. घर नुसतं खायला उठायचं.

म्हणून त्या सकाळी ती कानस मागते आहे, बिया मागते आहे म्हटल्यावर सुनेला बरंच वाटलं. डबीतून काळ्या, तिकोनी, खड्यासारख्या टणक बिया निघाल्या.

"गारवेल," सासू म्हणाली. "निळी. पहाटे उमलते, दुपारपर्यंत माना टाकते. ह्यांनी दरवर्षी लावली आणि मी एकदाही उमलताना बघितली नाही. लोळत पडायची ना मी!" तिनं एक बी चिमटीत धरली आणि कानशीनं तिच्या पाठीवर हलकीच रेघ ओढली. "हिची कातडी म्हणजे माझ्यासारखी. ओरखडा काढल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. एवढीशीच रेघ हवी. जास्त खरवडलीस तर मेली."

रात्रभर बिया कोमट पाण्यात भिजल्या. सकाळी ज्या टम्म फुगल्या त्या परसातल्या कुंड्यांत गेल्या. बोटाच्या पेराएवढ्याही खोल नाहीत. खत तर म्हातारीनं घालूच दिलं नाही. "लाड केले की नुसती पानं देते मेली."

कुंड्या म्हातारीच्या खोलीबाहेर भिंतीलगत होत्या. वर सुनेची खिडकी. तिथल्या गजापासून खालपर्यंत सुतळ्या बांधल्या, वेल चढायला. आणि एक सुतळी जास्तीची, जराशी बाजूला. तिच्या खालच्या टोकाला म्हाताऱ्याच्या दुकानातली एक पितळी कडी अडकवली. वरचं टोक गजावरून आत घेतलं आणि त्याला फास करून तो सुनेच्या हातात दिला.

"हा मनगटात अडकवून झोपायचं."

"आई, मी काय बैल आहे?"

"बैल बरा, तो सांगितल्यावर उठतो तरी. ऐक. पहिलं फूल उमललं की मी खालून दोन हिसके देईन. म्हणजे फूल आलं, आणि म्हातारी जिवंत आहे."

सून हसायला गेली आणि हसू ओठावरच राहिलं. हीच गोष्ट तिच्या मनाला रोज कुरतडत होती. रोज जिना उतरताना तिला वाटायचं, आज खाली म्हातारी निजलेली असेल, हाक मारली तर उठणार नाही, आणि आपल्याला कळणारच नाही की हे सोंग आहे की...

"सोंग नाही करणार ना पुन्हा?" तिनं हळूच विचारलं. "माझ्यापुढं नाही. मला नाही ओळखता येणार, आई."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती. "नाही करणार," म्हणाली. "सुतळी हलली की मी आहे. नाही हलली की नाही. साधा हिशोब."

वेल चढली. सुतळीला वेढे घालत, उजवीकडून डावीकडं, घड्याळाच्या काट्याच्या उलट. म्हातारा म्हणायचा म्हणे, मी दिवसभर काटे पुढं सारतो आणि ही बया मागं नेते. हिसक्याच्या सुतळीवरही ती सारखी हात टाकायची. सासू रोज संध्याकाळी तो कोवळा शेंडा बोटानं सोडवायची आणि दटावायची, "ही तुझी नाही गं, ही आमची."

आणि एका पहाटे सुनेच्या मनगटाला दोन हिसके बसले. ती खिडकीशी आली. खाली अंधुक उजेडात म्हातारी शाल पांघरून खुर्चीत बसली होती आणि तिच्या डोक्याशी एक निळं फूल, गळ्याशी पांढरं, आत कुणी दिवा लावल्यासारखं.

मग रोजचंच झालं. दोन हिसके, सून खाली, दोघींचा चहा. पण फुलं बघून म्हातारीचा चेहरा उजळायचा तो चहा संपेपर्यंतच. नंतर ती पुन्हा भिंतीकडं बघत बसायची. जेवण तर चिमणीएवढं. सुनेला बघवेना. आणि मग एका सकाळी तिला अवदसा आठवली. चेष्टेखोराच्या घरात राहून थोडं अंगाला लागतंच ना! चहा पिता पिता ती म्हणाली, "आई, आज तीन हिसके का हो दिलेत?"

"तीन? मी दोनच दिले."

"छे. दोन झाले. मग जरा थांबून आणखी एक. हलकाच."

सासूचा कप हातातच राहिला. सुनेला वाटलं, आता ही ओळखणार, आणि पाठीत धपाटा घालणार. पण म्हातारीनं हळूच कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"म्हातारा," ती म्हणाली. "शेवटचा हात त्याचाच लागायचा. कधी ऐकायचा नाही."

त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. दुसऱ्या दिवशी केस विंचरून बसली. आणि सून परसात पाऊल टाकते न टाकते तोच तिनं विचारलं, "आज?"

आता काय सांगणार? "आज पण तीन," सून म्हणाली.

सुतळीला हिसके दोनच बसायचे. तिसरा सुनेच्या तोंडातून यायचा. रोज. थांबवायचं म्हटलं तरी कसं थांबवायचं? म्हातारी खायला लागली होती, हसायला लागली होती. एकदा तर सुनेच्या डब्यात तिनं पोळीच्या जागी दुमडलेला रुमाल घालून पाठवला. पण एक वाईट झालं. तिसरा हिसका देणाऱ्याला गाठायचं म्हणून ती परसात लवकर येऊन बसू लागली. आधी पहाटे, मग अंधार असतानाच, मग झोपायच्या वेळेपासूनच. दवात, गारठ्यात.

"आई, आजारी पडाल."

"गप्प गं. तो येतो कधी ते कळायला नको? चोरपावलानं येतो मेला... पण वास येतो मला. तेलाचा."

'सांगून टाकावं,' सुनेच्या मनात आलं. 'उद्या सांगू.'

त्या संध्याकाळी लॉन्ड्रीत बॉयलर बिघडला आणि तिला यायला उशीर झाला. घरात दिवा नव्हता. तिनं परसाच्या दारातून डोकावलं. खुर्चीत म्हातारी बसलेली, शाल डोक्यावरून, पाठ इकडं.

"आई, आत या. गारठा पडलाय."

उत्तर नाही.

"आई..."

काही नाही. आली असेल लहर, सूनबाईला दाद द्यायची नाही अशी. सुनेला किंचित हसू आलं. पाय इतके दुखत होते की उंबरा ओलांडून पुढं जावंसं वाटेना. ती वर गेली, मनगटात फास अडकवला आणि पडली.

पहाटे तिला जाग आली ती हिसक्यानं.

एक. दोन.

ती उठून बसली. आज सांगायचंच, असं ठरवून तिनं पाय खाली सोडले. आणि तेवढ्यात...

तिसरा. हलकाच. जरा थांबून. ती रोज सांगायची ना, हुबेहूब तसा.

ती जागच्या जागी थिजली. मग तिला वाटलं, पकडलं! म्हातारीनं आपली चोरी पकडली आणि आपल्यावरच उलटवली. ती खुदकन हसली. धडाधडा जिना उतरून परसात आली. "आई, जिंकलात तुम्ही! मीच खोटं बोलत होते, तीन नव्हतेच कधी..."

म्हातारी खुर्चीत होती. डोळे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं. सोंग घेताना असायचं तसं.

"शब्द दिला होता तुम्ही..." सून म्हणाली. "पुरे आता. चहा गार होतोय."

चहा तर तिनं ठेवलाही नव्हता.

तिनं हात धरला. हात लाकडासारखा ताठ होता. केसांवर, शालीवर, पापण्यांवर दव साचलं होतं आणि कुठंही पुसलेलं नव्हतं. दोन्ही हात मांडीत, एकात एक. समोरच्या घरातली नर्सबाई आवाज ऐकून धावत आली, तिनं हनुवटी हलवून बघितली, बोटं वाकवून बघितली आणि सुनेला जवळ घेतलं. "काल दिवस मावळतानाच गेल्यात गं या. तू आलीस तेव्हाही नव्हत्या."

सुनेला ते ऐकूच गेलं नाही. ती सुतळीकडं बघत होती. गारवेलीनं एका रात्रीत ती हिसक्याची सुतळी खालपासून वरच्या गजापर्यंत वेढून टाकली होती. सुनेनं ती ओढून बघितली. दोन्ही हातांनी ओढली. तसूभर हलली नाही, नुसतं पानांवरचं दव सरसर गळलं. म्हणजे तोवर ते गळलं नव्हतं.

आणि खाली ती पितळी कडी वारा नसताना झुलत होती. डावीकडं, उजवीकडं, लंबकासारखी. नर्सबाईनं ती मुठीत धरून थांबवली.

नवरा आला, सगळं आटोपलं. वेल सुनेनं मुळासकट उपटली. सुतळीचे कात्रीनं तुकडे केले. शेवटच्या फुलांची बोंडं वाळली होती, ती मात्र तिच्यानं टाकवेनात. दोघांची आठवण म्हणून त्या बिया तिनं डबीत भरल्या, डबी दुकानात मधल्या खणात ठेवली, कानस तिच्याशेजारी. शटर ओढलं, कुलूप लावलं. किल्ली आता तिच्या उशाखाली.

सबंध थंडीत तिच्या मनगटाला एकही हिसका बसला नाही. एकच होतं. ती कुणाशीही खोटं बोलेना. लॉन्ड्रीत कुणी थट्टा केली तरी हसेना. निजताना रोज मनात म्हणायची, आई, मी तुम्हाला फसवलं ते तुम्हाला कळलं का हो? रागावलात का?

उन्हं तापायला लागली तसा नवरा म्हणाला, दुकान विकून टाकू, एकदा आत जाऊन बघून ये काय काय आहे ते. सून गेली. शटर वर केलं. तोच वास. घड्याळं बंदच. तिनं मधला खण उघडला.

डबी कोरडी ठणठणीत होती. झाकण घट्ट. पण हलवली तर खुळखुळेना.

तिनं झाकण काढलं. आत बिया एकमेकींना चिकटून दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्या टम्म फुगलेल्या, रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्यासारख्या. प्रत्येकीच्या पाठीवर कानशीची एवढीशी रेघ. जास्त नाही.

आणि त्यांच्यावर गुंडाळून ठेवलेली सुतळी, अखंड. तिच्या एका टोकाला मनगटात बसेल एवढा फास होता. सून बघत राहिली, कारण दुसऱ्या टोकालाही एक फास होता. तसाच, पण फार लहान. त्यात तिची दोन बोटंही जाईनात.

तिचा हात आपसूक पोटाकडं गेला. अजून तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मागं भिंतीवर एक घड्याळ चालू झालं.