ओहोटीला चढलेलं पाणी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. आणि हे काही रात्री-बेरात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलंय. लख्ख उन्हात.

मावशी बंदरात भरती-ओहोटी मोजायच्या कामावर. धक्क्याच्या अगदी टोकाला तिची खोली. खोलीच्या मधोमध एक अरुंद लोखंडी विहीर, थेट समुद्रात उतरलेली. तळाशी भोक, तिथून पाणी आत येतं. बाहेर लाटा कितीही आपटू देत, आत पाणी संथ. त्यावरचा तरंगता डबा वर-खाली होतो, तसं वर कागदावर पेन रेघ ओढतं.

ते भोक शिंपल्यांनी बुजायचं. ते मोकळं करायला पाणबुड्या बाहेरून समुद्रात उतरायचा.

तो पाणबुड्या म्हणजे माझे काका. मावशीचा नवरा.

"तू पाणी मोज, मी त्याला वाट करून देतो," असं तिला चिडवायचे.

एकदा उतरले, ते वर आलेच नाहीत. कमरेला बांधलेला दोर रिकामा वर आला. देहसुद्धा सापडला नाही.

सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण मावशीने बदली घेतली नाही. "इथेच कुठेतरी असतील ना ते," एवढंच म्हणायची.

मग नवीन यंत्र आलं. विहिरीचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतून ती बुजवणार होते.

त्या दुपारी ओहोटी लागलेली. धक्क्याखालचे खडक उघडे पडलेले. पण कागदावरची रेघ...

वर चढत होती.

"ताई, बाहेर पाणी उतरतंय, मग आत कसं चढतंय?" नवीन यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर चक्रावला. बाहेरून बघून येतो म्हणून निघून गेला.

मावशी एकटी. तिने वाकून पाहिलं. काळं पाणी गुपचूप वर येत होतं.

आणि मग...

टक्. टक्.

खालून. लोखंडावर.

काकांना वर यायचं असलं की ते असंच दोनदा वाजवायचे.

दुसरं कुणी असतं तर किंचाळत पळालं असतं. मावशीने कोपऱ्यातला दोर घेतला. एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं खाली सोडलं.

"अहो... तुम्ही आहात?"

दोर ताणला गेला. माणसाएवढा जड.

तिने जीव खाऊन ओढलं. वर काही येईना. उलट तीच कठड्याकडे खेचली जायला लागली.

तिने पाय रोवले नाहीत.

"थांबा," ती म्हणाली. "येते मी."

कठड्यापर्यंत चढलेलं पाणी तिच्या पोटाला लागलं. गार... बर्फासारखं. आणि कमरेशी बोटं चाचपडली. सावकाश. गाठ शोधणारी.

गाठ सुटली.

दोर सर्रकन खाली गेला. पाणी भसकन ओसरलं.

इंजिनिअर धावत आला तेव्हा मावशी कठड्यावर ओणवी होऊन खाली हाका मारत होती. "अहो! अहो!" कपडे चिंब. त्याला तिला दोन्ही हातांनी धरून मागे ओढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी विहीर बुजवली.

"मेल्यावरही नवऱ्याने वाचवलं," लोक म्हणतात. एकदा मीही तसंच बोलून गेले.



"वाचवायचंच होतं," मावशी म्हणाली, "तर बोलावलं कशाला गं?"