सोडलेला शब्द

रविवारी पिरंगुटहून निघताना गिटार पाठीला असते, घुंगरांचा पट्टा स्कूटरच्या डिकीत आणि पायाशी एक लाकडी खोकं. गाताना ते खोकं उजव्या पायाखाली घ्यायचं, पट्टा घोट्याला बांधायचा, झाला ताल. लॅपटॉप नाही, पेनड्राइव्ह नाही.

आता हॉटेलात गाणारे बहुतेक जण ट्रॅक लावतात. ढोलकी, बासरी, मागचे आवाज सगळं आधीच भरलेलं. बटण दाबायचं आणि वरून आपण गायचं. त्यात काही पाप नाही. पण ट्रॅक थांबत नाही. गाणाऱ्याला ठसका लागला, कुणाच्या पोरानं ताट पाडलं, तरी तो आपला पुढं जातोच. मला ते जमत नाही. माझी बोटं माझ्या श्वासामागं चालतात.

ही सवय घरची. माझे वडील, विलास, जलशात गायचे. जयंतीला गावोगाव त्यांची पार्टी जायची. मागं दोघं-तिघं झील धरायला उभे. कडवं संपताना वडील शेवटचा शब्द मुद्दाम सोडून द्यायचे आणि मागचे तो उचलायचे. लहानपणी मीही त्या मागच्या रांगेत उभी असे. पुढं पार्टी मोडली, वडिलांचा दम गेला, मी एकटी गायला लागले. पण शेवटचा शब्द अजूनही माझ्या तोंडून येत नाही. तेवढ्या वेळात नुसते घुंगरू वाजतात. ऐकणारे तो शब्द मनातल्या मनात म्हणतात. माझ्या गाण्याची ओळख काय म्हणाल, तर ती रिकामी जागा.

मुळशीच्या पाण्याकाठी जे हॉटेल आहे तिथं दर रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला, मी गाते. मॅनेजर कौस्तुभनं फाटकाशी बोर्ड लावलाय: ‘गौतमी. एकटीचं गाणं, ट्रॅकशिवाय.’ तो बोर्ड वाचून कासार आंबोलीच्या एका बंगलेवाल्यानंही मला शनिवार दिला होता. माझं सगळं त्या एका ओळीवर चालतं.

फेब्रुवारीत पाणी मागं सरकायला लागतं. काठाची माती उघडी पडून भेगाळते. त्या दुपारी लॉनवर आंबेमोहोराच्या भाताचा वास होता, कोथरूडकडची चार-पाच कुटुंबं जेवत होती. मी माझंच एक गाणं घेतलं. त्याचं पालुपद असं:

*दळण सरलं तरी गं, जातं कशानं फिरतं*

यातला ‘फिरतं’ मी म्हणत नाही. ‘कशानं’वर थांबते, घुंगरू वाजवते, पुढच्या कडव्याला जाते. त्या दिवशी मी थांबले आणि पाण्याकडून आवाज आला.

“फिरतं.”

बारीक, किंचित घोगरा, बाईचा. सुरात.

कुणीतरी पाहुणी असेल म्हणून मी हसून समोर पाहिलं. समोरचे सगळे घास चावत होते. पुढच्या पालुपदालाही तसंच झालं. मग वाटलं, पलीकडच्या डोंगरावरून घुमून येत असेल. गाणं संपल्यावर मी पाण्याकडे तोंड करून जोरात टाळी वाजवली. काही परत आलं नाही. शिवाय घुमून यायला तो शब्द आधी मी म्हणायला तरी हवा होता.

हॉटेलच्या स्पीकरची सगळी बटणं तपासली. वायर काढून पुन्हा जोडली. सगळं ठीक होतं.

सारजाबाई तिथं चुलीवर भाकऱ्या थापतात. पाहुण्यांना दिसावी म्हणून चूल लॉनच्या कडेलाच मांडलीय. मी ताट घ्यायला गेले तर म्हणाल्या, “काय गं गौतमे, जोडीदारीन कुटं दडवलीस?”

“कसली जोडीदारीण?”

“आता गं! मागं म्हनतीया ती. निस्ती गायला आनतीस, जेवायला न्हाई बोलवत व्हय तिला?”

“मावशी, मी एकटीच असते.”

“बरं बाई, एकटी तर एकटी.” त्यांनी भाकरी उलटली. “गळा मातूर तिचा बरा हाय तुज्यापरास. राग नको मानू.”

पुढच्या रविवारी आवाज पाण्यावरून नव्हता. काठाच्या उतारावर करवंदीची जाळी आहे, तिथून होता. मी गाणं संपवून थेट जाळीत जाऊन आले. हात ओरबाडून घेतले. एक चिप्सची पिशवी आणि वाळलेलं शेण, इतकंच.

त्याच आठवड्यात कुणा पाहुण्यानं व्हिडिओ टाकला. खाली लोकांनी लिहिलं, ‘ट्रॅक झकास बनवलाय.’ एकानं लिहिलं, ‘आणि बोर्डवर म्हणे ट्रॅकशिवाय!’ मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. स्वच्छ दोन आवाज होते. शुक्रवारी कासार आंबोलीहून फोन आला. बंगलेवाला चांगला माणूस, ओरडला वगैरे नाही. म्हणाला, “ताई, ट्रॅक लावायचा तर लावा की. खोटं कशाला सांगायचं?” आणि शनिवार गेला.

मी ठरवलं, जागाच ठेवायची नाही. त्या रविवारी ‘फिरतं’ मीच म्हटलं. म्हणताना जिभेला ते परकं वाटलं, दुसऱ्याच्या ताटातला घास उचलावा तसं. आणि तो आवाज गेला नाही. तो एक शब्द अलीकडे सरकला. आता तो ‘कशानं’पासून म्हणायला लागला, माझ्याबरोबर, माझ्या केसभर आधी.

मी फोनवर ते सगळं भरून घेतलं आणि घरी वडिलांना ऐकवलं. ते कॉटवर बसून होते. त्यांनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले, मांडीवर बोटानं ताल धरला.

“झीलकरीन कवा ठेवलीस?”

“नाही ठेवली, दादा.”

“मग ही कोन हाय?”

“माहीत नाही.”

त्यांना ते गमतीचं वाटलं असावं. “सुरात हाय,” ते म्हणाले. “पन घाई करतीया. झीलकरी घाई कराय लागला ना, की समजायचं, त्याला फुडं यायचं हाय. आमचा सोपान असंच करायचा. शेवटी त्या भाड्यानं येगळी पार्टी काढली. आन् माजीच गानी गायचा, बेनं!” ते खोकेपर्यंत हसले. मग फोन परत देताना म्हणाले, “तुज्यासारकाच आवाज काढतीया गं. शिकीवलंस काय तिला?”

मी पुन्हा ऐकलं. घोगरेपणा कमी झाला होता.

बुधवारी कौस्तुभचा फोन. “ताई, ऋषिकेश सर स्वतः येतायत रविवारी. मालकच ते, त्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. ट्रॅक निघाला तर बोर्ड काढायचा म्हणालेत, आणि… तुम्हालाही.” मग घाईनं म्हणाला, “मला माहितीये हो तुम्ही असलं काही करत नाही. पण ऐकलाय मीसुद्धा.”

“काय ऐकलंस?”

“जाऊ दे ना. तुम्ही या फक्त.”

मी विचार केला. स्पीकर बंद, माइक बंद, सगळ्यांसमोर गायचं. आणि गाता गाता मधेच गप्प बसायचं. तोंड मिटायचं, हात तारांवरून उचलायचा. मग जो आवाज येईल तो ट्रॅकचा नाही आणि माझाही नाही, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग तो आवाज कुणाचा, ते त्यानं शोधावं. मला फक्त मी खोटी नाही एवढं सिद्ध करायचं होतं. त्यासाठी मी ‘दळण’चं एक नवं कडवं केलं. कुणाला म्हणून दाखवलं नाही, घरातसुद्धा गुणगुणलं नाही. कडवं मनातच जुळवलं, मनातच ठेवलं.

रविवारी ऊन कडक होतं. ऋषिकेश सर पस्तिशीचे, अगदी अदबीनं बोलणारे. “नो ऑफेन्स हं, ताई. एकदा क्लिअर झालं की तुम्हालाही बरं.” त्यांनी स्पीकर आत ठेवायला लावला. माझा फोन स्वतःच्या टेबलावर ठेवला. माझी खुर्ची लॉनच्या टोकाला नेली, पाण्याकडे पाठ येईल अशी, आणि स्वतः समोर दोन हातांवर बसले. पाहुणेही खाणं थांबवून बघायला लागले.

मी सुरू केलं. पहिलं कडवं नीट गेलं. पालुपदाला आले, ‘कशानं’वर थांबले.

“फिरतं.”

माझ्या पाठीशी. अगदी जवळ. मला कसं कळलं सांगते. गिटारीची पोकळी जवळच्या आवाजानं घुमते, लांबच्या आवाजानं नाही. माझ्या पोटाशी धरलेलं लाकूड त्या शब्दानं घुमलं.

ऋषिकेश सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मी श्वास घेतला. नव्या कडव्याची तार छेडली.

आणि तोंड मिटून घेतलं.

हात उचलला. पाय थांबवला. घुंगरू गप्प झाले.

*हाक दिली मी दारात, ओ परसात आली*
*माझ्या आधी माझी घागर कुणी भरून नेली*

प्रत्येक शब्द, मी जुळवला होता तसा. जिथं मी श्वास घेतला असता तिथं श्वास.

घोगरेपणा अजिबात नव्हता. माझा आवाज होता.

मी ओठ दातांखाली घट्ट धरले होते. रक्ताची चव लागली.

पालुपद पुन्हा आलं. ‘कशानं’वर आवाज थांबला. लॉनवर कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग ऋषिकेश सरांनी टाळ्या वाजवल्या.

“बास, बास! खात्री पटली.” ते उठून जवळ आले. “मी सगळा वेळ तुमच्या ओठांकडेच बघत होतो, ताई. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि ते शेवटचं कडवं, बापरे! काटा आला अंगावर.”

“ते मी गायले नाही,” मी म्हणाले.

ते हसले. “तेच ना. गाताय असं वाटतच नाही, इतकं सहज येतं तुमचं.”

“सर, खरंच. माझं तोंड मिटलेलं होतं.”

“कौस्तुभ, ताईंना आधी सरबत दे. ऊन लागलंय.”

मी कौस्तुभकडे पाहिलं. तो मान हलवून हसत होता, सुटल्यासारखा. सारजाबाई चुलीपाशी पदरानं डोळे टिपत होत्या. मी त्यांना विचारलं, “मावशी, तुम्हाला तर कळलं ना?”

“कळलं की. आज बरी एकटी गायलीस. अशीच गात जा, कशाला पायजे ती दुसरी?”

बोर्ड राहिला. कासार आंबोलीचा शनिवारही परत मिळाला. बंगलेवाल्यानं माफी मागितली. ट्रॅकचा आरोप पुन्हा कुणी केला नाही, कारण आता दोन आवाज एकाच वेळी कधी ऐकू येत नाहीत.

मी खुर्चीत बसते, पहिली तार छेडते. गाणं मागून सुरू होतं. समोरचे माझ्या तोंडाकडे बघतात आणि माना डोलावतात. गेल्या महिन्यात तिनं मला न येणारी दोन गाणी म्हटली. चांगली होती. कडवं संपलं की ती शेवटचा शब्द माझ्यासाठी सोडते आणि तो मी म्हणते. तेवढ्यापुरता माझा आवाज बाहेर येतो. सुरात असतो. एरवी, भाजीवाल्याशी किंवा घरी बोलताना, काही अडचण नाही. जरा घोगरा झालाय इतकंच.

वडिलांना एकदा नवं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते म्हणाले, “आता जमलं. फुडं कोन, मागं कोन, ते कळतंय.”

पाणी आता खूप आत गेलंय. परवाच्या रविवारी लॉन भरलेलं होतं. पालुपद आलं, ‘कशानं’ आलं. मी तोंड उघडून तयार होते.

तिनं शेवटचा शब्द सोडला नाही.