भोकाच्या पैशाची लाली

चहाचे कप बाजूला सारून मकरंद खटावकरांनी टेबलावर जुना टॉवेल पसरला, त्यावर प्लास्टिकची सीलबंद डबी धरली आणि पकडीने तिचा कोपरा कडकन फोडला. 'डबी उघडू नये' असं तिच्यावर ठसठशीत छापलेलं होतं. पण नाणी जमवणाऱ्यांना सूचना करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळेच फोडत, मग खटावकरांनीच काय घोडं मारलं होतं?

डबीतून निघाला १९४४ सालचा भोकाचा पैसा, यंदा शंभरी गाठलेला. नाणेपारख केंद्राच्या यंत्राने त्याला पहिल्यांदा सत्तरपैकी बासष्ट नंबर दिला होता. खटावकरांनी डबी फोडून तो पुन्हा पाठवला, तेव्हा चौसष्ट मिळाला. याला म्हणायचं फेरपारखणी. पण इचलकरंजीच्या बुगटेंकडे याच सालचा सहासष्ट नंबरचा पैसा होता, आणि ते दोन नंबर खटावकरांच्या घशात काट्यासारखे रुतले होते. म्हणून ही तिसरी खेप.

"शर्वरी, नाक घेऊन ये गं!" त्यांनी हाक मारली.

शर्वरी त्यांची एकुलती लेक. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी सांगलीला आली होती. पोट सांभाळत ती खुर्चीत टेकली. "बाबा, लोक माहेरी आलेल्या लेकीचे डोहाळे पुरवतात. तुम्ही तिचं नाक वापरता!"

छंदातली ही जुनी चलाखी होती. नाकपुडीशेजारचं तेल अंगठ्यावर घेऊन नाण्यावर हलकेच फिरवलं की बारीक चरे दिसेनासे होतात. खटावकरांचा हात कापे, म्हणून हे काम लेकीकडे. पाठवण्याआधी महिनाभर, रोज सकाळी.

आणि पैसा खरंच खुलत गेला. त्याचं श्रेय ते 'राखणलेपा'ला देत. केंद्र हल्ली प्रत्येक नाण्यावर हा लेप चढवी. तो जिवंत होता. तांब्यावरचा हिरवा गंज खायचा आणि झिजलेल्या जागी पुन्हा तांबं बसवायचं, एवढंच शिकवलेले जंतू. कोरड्या, हवाबंद डबीत ते झोपून राहत. डबी फोडल्यावर त्यांचं काय होतं, हे खटावकरांनी कधी विचारलं नाही. ओलावा आणि तेल मिळालं की त्यांना जाग येत असेल, असं मनात येऊन गेलं, तेव्हा उलट बरंच वाटलं.

"माझा अंगठा बधिर झाल्यासारखा वाटतो," महिना संपता संपता शर्वरी म्हणाली.

"दिवस असताना होतं असं," स्वयंपाकघरातून मेघनाताईंनी लेकीला सांगितलं. पैसा पारखायला रवाना झाला.

पंधरा दिवसांनी निकाल आला. सदुसष्ट! खटावकरांनी संग्राहकांच्या ग्रुपवर तो टाकला आणि बुगटेंच्या शांततेचा मनमुराद आनंद घेतला. निकालपत्रात वजनही होतं. पहिल्या खेपेला एक पूर्णांक ब्याण्णव ग्रॅम, आता दोन पूर्णांक चौदा. छापण्यात चूक झाली असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

त्याच दुपारी शर्वरी न्हाणीघराच्या दारात पडली. सुदैवाने पोटाला लागलं नाही. पण पायांना जमीनच कळली नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

डॉक्टर अवटींनी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला. "लोह ठीक आहे, पण तांबं जवळजवळ नाहीच. हे मी फक्त पुस्तकात वाचलंय. तांब्याशिवाय रक्त नीट बनत नाही, नसा बधिर होतात."

"आणि बाळ?" मेघनाताईंनी विचारलं.

"बाळ त्याचा साठा याच शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं." डॉक्टरांनी अहवाल खाली ठेवला. "आईकडे असला तर."

घरी आल्यावर मेघनाताईंनी लेकीसाठी पाणी ओतायला नेहमीचा तांब्या उचलला, तर त्यांचा पदर भिजला. तांब्याच्या मानेला, शर्वरीचा अंगठा रोज टेके नेमक्या त्या जागी, भोक पडलं होतं. "बघा हो," त्या नवऱ्यावर चिडल्या, "तुमच्या पैशाचा नंबर वाढतोय आणि माझा तांब्या झिजतोय!"

खटावकर ते भोक बघत राहिले. मग त्यांना निकालपत्रातलं वजन आठवलं. ती छापण्यातली चूक नव्हती. त्यांनी केंद्राला फोन लावला. तिथल्या संशोधिका निमकर यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लेप तांबं आणतो कुठून?" खटावकरांनी विचारलं.

"जवळपास मिळेल तिथून. तो तांबं पकडणारे रेणू सोडतो. भांड्यातून, तारेतून..." निमकरांचा आवाज बारीक झाला. "ते रेणू फार सूक्ष्म असतात. घामाच्या छिद्रांतूनही आत जाऊ शकतील. पण तो त्वचेवर येणारच नव्हता. डबीवर लिहिलेलं असतं, खटावकर."

"किती जण फोडतात?"

"या वर्षी एकोणीस हजार नाणी डबीबाहेर काढून फेरपारखणीला आली."

"तो मारायचा कसा?"

"तांबं मिळेनासं झालं की तो झोपतो," निमकर म्हणाल्या. "मारण्याचा उपाय आम्ही शोधतोय."

आता लेपाला झोपवावं तर लेकीचं तांबं तोडावं लागणार, आणि तिला जगवावं तर त्यालाही खाऊ घालावं लागणार. आपल्या दोन नंबरांच्या हावेपायी हे झालं, या विचाराने खटावकरांना जेवण जाईना. डॉक्टरांनी तांब्याचं औषध सुरू केलं. साबण, स्पिरिट, लिंबू, चिंच, मेघनाताईंनी सगळं त्या अंगठ्यावर घासून पाहिलं. शर्वरी निमूटपणे हात पुढे करी.

आठव्या दिवशी तो पैसा घेऊन केंद्राची नवी डबी घरी आली. खटावकरांनी ती न उघडता काचेच्या बरणीत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. मग ते लेकीच्या खोलीत गेले. ती खिडकीशी उन्हात बसली होती.

"रंग आलाय का बघा," ती म्हणाली.

त्यांनी आशेने तिच्या गालांकडे पाहिलं. गाल तसेच पांढरेफटक होते. मग तिने हात पुढे केला. अंगठा टांकसाळीतून नुकत्याच पडलेल्या पैशासारखा लालबुंद चमकत होता. औषध पोहोचत होतं ते तिथे.

शर्वरीने अंगठा मुठीत मिटला आणि ती मूठ पोटापासून लांब धरली.

"बाबा," तिने विचारलं, "बाळ आल्यावर मी त्याला हातात घेऊ शकेन ना?"