आपल्याकडचा माणूस

सत्त्याण्णवच्या श्रावणात यादव गावित ओल्या चपला हातात धरून पंचवटीतल्या टायपिंगच्या क्लासात शिरला, तेव्हा शिकवणाऱ्या आशा भोयेने त्याच्या अर्जावरचा पत्ता तेवढा वाचला. तालुका पेठ. तिचाही तोच.

“भोये म्हणजे आपल्याकडच्याच की तुम्ही!” टेबलावरची पाटी वाचून तो खुलला.

“मशीन कोपऱ्यातलं,” ती म्हणाली.

इतरांच्या दोन-तीन चुका ती सोडून देई. यादवच्या कागदावर मात्र तांबड्या शाईचा सडा पडे. ‘ह्या डोंगरातल्यांना काय जमणार’ हे तिने शहरात इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याची प्रत्येक चूक तिला आपल्याच अंगावर आल्यासारखी वाटे.

तो सातपूरच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून रोज येई. तिच्या सोमवारच्या उपासाला टेबलावर राजगिऱ्याचा लाडू ठेवी.

“मास्तरणीला लाच देताय?”

“नाय हो. रागवायला ताकद नको का?”

ती मान खाली घाली... आणि उपास सोडल्यावर घरी गुपचूप लाडू खाई.

परीक्षेचे फॉर्म त्या दिवशी पाच वाजेपर्यंत कचेरीत पोचवायचे होते. कंपनीतली कारकुनाची जागा यादवला याच परीक्षेवर मिळणार होती. आशाने त्याचा फॉर्म सही न करताच परत दिला.

“तीसचा वेग हवा. तुमचा अठ्ठावीस.”

“शेजारच्या मशीनवरच्या किशोरचा तर सव्वीस हाय. त्याला दिलीत सही.”

“किशोर नापास झाला तर एकटा होईल. तुम्ही झालात तर आपण सगळेच होतो...”

यादवने फॉर्मची घडी केली.

“लोक आपल्याला तोलतात ते तोलतातच. आपलं माणूसही तराजू घेऊन बसलं, तर टेकायचं कुठं, आशा?”

तो निघाला. आशा बसून राहिली. मग उठली, पेन घेऊन जिन्यात धावली. त्याच्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि भिंतीवर टेकवून सही केली.

“आता नापास झालो तर?”

“तर आईला सांगेन— मुलगा नापास झालाय, पण मला चालतो.”

यादव पायरीवरच खिळला. भिजलेला वारा जिन्यात शिरत होता. घड्याळात पावणेपाच झाले होते.

“बघत काय बसलात?” आशा लाजून म्हणाली. “पळा की!”