निवडायला दिलं तरी

वधू-वर मेळाव्याला आईने मला ओढून नेलं, आणि तिथे मला एक वधूच आवडली. दिल्लीत करोल बागच्या त्या हॉलमध्ये गाझियाबादची रेवती बटाटेवड्यांच्या रांगेत माझ्या पुढे उभी होती.

"कोणी पसंत पडलं?" तिने वळून विचारलं.

"अजून तरी... नाही. तुला?"

"आत्ता पडतंय बहुतेक."

मी गडबडून ताटात चटणीच जास्त वाढून घेतली.

रेवती मेट्रो चालवते. ताठ पाठ, सरळ नजर, आणि खोटं बोलायचा भयंकर कंटाळा. मला तर दारावर आलेल्या सेल्समनलाही 'नको' म्हणता येत नाही. ती मला आवडली यात नवल नाही. मी तिला कशी आवडले, हे मला अजून कळलेलं नाही.

आठ महिन्यांनी घरी सांगितलं. बाबा तीन आठवडे इंटरनेटवर वाचत बसले. मग एका रविवारी त्यांनी रेवतीला दिल्लीतल्याच द्वारकेला, आमच्या घरी जेवायला बोलावलं.

"मी सगळं वाचलंय," वरण वाढून घेत ते म्हणाले. "हे जन्मजात असतं. तुमच्या हातात काही नसतं. मग आम्ही राग कशाला धरायचा?"

आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

"अच्छा... आणि हातात असतं तर, काका?" रेवतीने विचारलं.

"तर गोष्ट वेगळी." बाबा माझ्याकडे वळले. "तनया, तुझ्या हातात नव्हतं ना?"

नुसतं 'नव्हतं' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण रेवती खाली बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"मी अशी का आहे, मला माहीत नाही, बाबा. असेल जन्मजात. पण रेवती... दहा वेळा निवडायला दिलं तरी मी हिलाच निवडीन. माझं प्रेम आहे हिच्यावर. नाइलाज म्हणून नाही."

बाबा उठले, चपला घालून खाली निघून गेले.

थोड्या वेळाने मी रेवतीला सोडायला निघाले. लिफ्टमध्ये तिने माझा हात धरला. "यार, 'नव्हतं' म्हणून टाकायचं होतंस."

"मग तू राहिली असतीस माझ्याबरोबर?"

"राहिले असते... पण थोडी कमी."

सोसायटीच्या गेटपाशी बाबा उभे होते. सवयीने मी हात सोडवायला गेले – मग नाही सोडवला.

"मला हे पटलेलं नाही," ते रेवतीला म्हणाले. "परवा ये. अजून बोलायचंय."

"परवा माझी ड्युटी आहे, काका. सुटायला सात वाजतील."

बाबांनी जरा विचार केला.

"मग जेवायलाच थांब."