मोठ्याने वाचणाऱ्यांची खोली

मेघाश्री आणि व्यंकटेश यांची ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडणही मेघाश्रीने एकटीनेच केलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या वाचनकक्षात शांतता इतकी, की कुणी पेनाचं टोपण लावलं तरी दोन-चार माना वळायच्या. ग्रंथपाल पद्मनाभ यांना पुस्तकं चालत, माणसंही नाइलाजाने चालत. आवाज मात्र खपत नसे. मेघाश्री वाढली ती बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, वडिलांच्या ट्रंकांच्या दुकानामागे, बसच्या हॉर्नात आणि पत्र्यावरच्या हातोड्यात. एम.ए.चं शेवटचं वर्ष तिने या शांततेच्या जिवावर काढलं होतं. आणि त्या सकाळी कपाटापलीकडे कुणीतरी चक्क मोठ्याने वाचत होतं, तेही मधूनमधून जांभया देत.

ती उठली. कपाटाला वळसा घालून समोर उभी राहिली. दोघे होते. एकाच्या हातात पुस्तक, दुसरा हाताची घडी घालून ऐकणारा.

"हे ग्रंथालय आहे," ती म्हणाली. "कीर्तन ऐकायचं असेल तर देवळात जा."

ऐकणाऱ्याने मान तिच्याकडे वळवली, पण नजर तिच्या खांद्यावरून कुठेतरी खिडकीकडे. "चुकलं, अक्का. शिवाप्पा, स्वल्प हळू रे."

एक तर आवाज, त्यात वर बघणंसुद्धा नाही, आणि त्यात अक्का. तिची नुकतीच तेविशी उलटली होती. ती तडक पद्मनाभ यांच्याकडे गेली आणि तक्रार करून आली.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून तोच आवाज आला. तीच जांभई. या वेळी बाहेरून. तिने वाकून पाहिलं. इमारतीच्या पायऱ्यांवर, उन्हात, सायकलींच्या रांगेला खेटून ते दोघे बसले होते, आणि ऐकणाऱ्याच्या मांडीवर घडी केलेली पांढरी काठी होती.

पायऱ्या उतरेपर्यंत मेघाश्री स्वतःवर चिडलेली होती. खाली पोचली तोवर तिने तो सगळा राग पद्मनाभ यांच्या खात्यावर चढवून टाकला होता. अशा बाबतीत तिचा हात सढळ होता.

"तुम्ही काल सांगायचं होतं," ती त्याला म्हणाली.

"सांगणार होतो..." तो हसला. "पण तुमच्या बोलण्यात फटच नव्हती."

त्याचं नाव व्यंकटेश. गाव अथणी, घरात मराठी, बाजारात कन्नड. सीमाभागातल्या आठवडे बाजारांवर त्याची पीएच.डी. चालली होती. शिवाप्पा त्याचा चुलतभाऊ. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट इथे यायचा, म्हणून त्या जांभया. ग्रंथालयातली पुस्तकं पायऱ्यांपलीकडे नेता येत नसत, आत वाचून घ्यावीत तर आवाज होई. दिवाळीपर्यंत प्रबंध द्यायचा होता, नाहीतर शिष्यवृत्ती जाणार होती. हे सगळं तो कुणाची तक्रार न करता सांगत होता, आणि नेमकी त्याचीच तिला जास्त चीड आली.

ती पुन्हा वर गेली. पद्मनाभ यांच्याशी ती कन्नडमध्ये भांडली, कारण मराठीत भांडली असती तर निम्मा राग त्यांना कळलाच नसता. ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्याने विद्यापीठाचं ग्रंथालय वापरायचं नाही काय, एवढाच प्रश्न ती फिरवून फिरवून विचारत राहिली. पद्मनाभ वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचं प्रेम फक्त शांततेवर जडलं होतं. शेवटी त्यांनी मागची मोडक्या खुर्च्यांची खोली उघडून दिली, कारण तिची एकही भिंत वाचनकक्षाला लागून नव्हती. अट एकच: वाचून दाखवणारा ग्रंथालयाचा सभासद हवा, किंवा सभासदाचा जवळचा नातेवाईक. शिवाप्पा नात्यात बसत होता. तिला अट बरी वाटली. अट ज्याला टोचते त्यालाच ती कळते, आणि तिला ती अजून टोचत नव्हती.

पुढे शिवाप्पाला दिवसपाळी लागली.

"मी वाचते," मेघाश्री म्हणाली, जणू व्यंकटेशनेच तिला जबरदस्ती केली होती.

ती वाचायची चांगलं, पण शांतपणे नाही. लेखकाने भाजीवाल्या बायकांना दोन ओळींत गुंडाळलं, की ती लेखकाला झापायची. तळटीप चुकीच्या पानाकडे पाठवायला लागली, की तिच्या बांगड्या टेबलावर आपटायच्या. व्यंकटेश टेप लावून ठेवी, वसतिगृहात पुन्हा ऐकायला.

"आत्ता पान उलटलंत की फाडलंत?" तो विचारी.

"तुम्ही विषयावर लक्ष द्या."

"विषयावरच आहे. बाजारात भाव करणाऱ्या बायका अशाच बोलतात. प्रबंधात घेऊ का तुम्हाला?"

"घ्या की. आणि त्या टेपवरची माझी भांडणं पुसून टाका."

"ती पुसली तर मग ऐकायचं काय?"

खिडकीबाहेर गुलमोहर होता, आणि मोडक्या खुर्च्यांवर त्याच्या पाकळ्या येऊन पडत. एकदा एक पाकळी त्याच्या बाहीवर पडली. तिने ती उचलली... उचलायला जरा जास्तच वेळ घेतला. तो बोलता बोलता थांबला.

"काय झालं, अक्का?"

"अक्का म्हणू नका मला."

"बेंगळुरात सगळ्यांनाच म्हणतात की."

"सगळ्यांनी म्हणावं," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

त्या दिवशी टेपवर नंतर बराच वेळ पंख्याचाच आवाज आहे.

ऑगस्टमध्ये एम.ए.चा निकाल लागला. दुकानात पेढे वाटले गेले, आणि आठवड्याभरात दारावरच्या रखवालदाराने तिला अडवलं. शिक्षण संपलं, सभासदत्व संपलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलेलं, दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर. ती पद्मनाभ यांना भेटली. त्यांनी चष्मा पुसला आणि तीच अट वाचून दाखवली. सभासद, किंवा जवळचा नातेवाईक.

ती पायऱ्यांवर येऊन बसली. व्यंकटेश काठी टेकत शेजारी आला. तिने झालेलं सांगितलं. तो काठीची मूठ फिरवू लागला.

"नातेवाईक चालतो म्हणतात ना..." तो म्हणाला. "मग आपण नातं करून टाकू. म्हणजे... मला तसंही विचारायचंच होतं."

याच वाक्याची ती महिनाभर वाट बघत होती. आणि ते आलं ते असं, अटीच्या बोटाला धरून.

"गेटपाससाठी लग्न करू मी?" तिचा आवाज चढला. "उद्या त्यांनी सांगितलं बहीणच हवी, तर राखी बांधून घ्याल? तुमच्या वसतिगृहात आणखी मुलं आहेत ना अशी? त्यांनी काय करायचं? वाचणाऱ्या मुली शोधून मंडपात बसवायच्या?"

"तसं नव्हतं म्हणायचं."

"मग जसं म्हणायचं होतं तसं म्हणायचं होतं."

ती निघून गेली. बसमध्ये रडली, तेही रागाने. कंडक्टरने तिकिटाचे सुटे पैसे मागितले तेव्हा त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले. दुकानात पोचली तेव्हा वडील हंबीरराव ट्रंकेच्या कडीला तेल देत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, फक्त लग्नाचा भाग गाळून. हंबीररावांनी गिऱ्हाइकांची तोंडं वाचण्यात आयुष्य घालवलं होतं. गाळलेला भाग त्यांनी आधी वाचला.

"मुलगा आवाज ऐकून माणूस ओळखतो म्हणतेस," ते म्हणाले. "मग मला तिथे घेऊन चल. माझा आवाज कसा वाटतो त्याला, बघू."

तेव्हा तिला ती खिडकी आठवली. पायऱ्यांवरचा आवाज थेट वाचनकक्षात येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि आत येण्याला नियम होते. पायऱ्यांवर वाचण्याला एकही नव्हता.

सोमवारी ती माणसं घेऊन आली. शेजारच्या शिंप्याची बायको, जी उर्दू सुरेख वाचायची. गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर, कन्नड आणि तमिळ दोन्ही वाचणारे. आणि खुद्द हंबीरराव, ट्रंका विकताना लागतो तो आवाज घेऊन. वसतिगृहातून पांढऱ्या काठ्या टेकत पाच मुलं आली, व्यंकटेश शेवटी. मेघाश्री त्याच्याशी बोलली नाही. त्याच्यापुढे तिने वडिलांना बसवलं.

मग सगळ्यांनी एकदम वाचायला सुरुवात केली. एकीकडे उर्दू, एकीकडे कायद्याचं कन्नड, मधूनच तमिळ व्याकरण, आणि या सगळ्यांवरून हंबीररावांचं मराठी. वर खिडक्यांतून डोकी दिसू लागली. दोन मुली खाली उतरल्या आणि विचारू लागल्या, आम्हीही वाचलं तर चालेल का. व्यंकटेश हसत होता.

"आठवडे बाजार भरवलाय," तो म्हणाला. मग हंबीररावांकडे वळला. "तुम्ही मेघाश्रीचे वडील. चिडायची पट्टी एकच आहे."

"मी चिडलो नाही अजून," हंबीरराव म्हणाले. "पुढचं पान ऐक."

पद्मनाभ धापा टाकत बाहेर आले. त्यांनी नियम शोधला असावा, सापडला नव्हता. चेहऱ्यावर राग कमी आणि वेदना जास्त होती, आत ठेवलेली शांतता कुणी पायदळी तुडवावी तशी. त्यांनी रखवालदाराला हाक मारली आणि एवढंच म्हणाले, या सगळ्यांना आत घ्या, मागच्या खोलीत. आणि यापुढे वाचणारा कोण असावा हे ऐकणाऱ्याने ठरवावं, ग्रंथालयाने नाही. फक्त, कृपा करून, दार लावून घ्या.

मोडक्या खुर्च्या बाजूला सारून जागा झाली. संध्याकाळी सगळे गेले. हंबीरराव मुद्दाम पुढे चालत बस थांब्याकडे निघाले, इतक्या सावकाश, की कुणाच्याही लक्षात यावं.

पायरीवर व्यंकटेश थांबला. "आता नातेवाईक असायची गरज उरली नाही."

"नाही उरली."

"मग मी..." काठीची मूठ पुन्हा फिरू लागली. "त्या दिवशी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली. तू नसलीस की मला पुस्तक नुसतं ऐकू येतं, मेघाश्री. भांडायला कुणी नसतं आत. पास असो-नसो, प्रबंध होवो-न होवो. म्हणून विचारतोय."

तो कान देऊन थांबला. बांगड्याही गप्प होत्या.

"त्या दिवशी हो म्हटलं असतं, तर ते अटीला म्हटलं असतं," ती म्हणाली. "आज मला नाही म्हणून घरी जाता येतं."

"येतं," तो हळूच म्हणाला.

"म्हणून हो." तिने त्याचा हात आपल्या कोपरावर ठेवला. "आणि परत कधी अक्का म्हणालात, तर मग बघा."