टोरीच्या तेलातले पाय

त्या दिवशी सकाळी मी घाण्यावर टोरीचं तेल आणायले गेलती. टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्या बालाघाटकडे हिवाळ्यात हे तेल घरोघरी असते. फुटलेल्या टाचांले लावा, आखडलेल्या गुडघ्यांले लावा, दाराच्या कुरकुरत्या बिजागरीले लावा. पण त्या दिवशी मी ते आणलं चालायच्या मशीनसाठी, आणि पुढचं सगळं तिथूनच झालं.

मशीन कोणाची ते आधी सांगते. माझा पोरगा खेमराज उकव्याले मँगनीजच्या खदानीत ट्रक चालवे. गेल्या पावसाळ्यात त्याले लकवा मारला, डावं अंग गेलं. हात हळूहळू आला, पाय नाही आला. गोंदियाच्या डॉक्टरानं सून सरिताले समोर बसवून सांगितलं, "रोज चालवा. सहा महिन्यांत पाय आला तं आला, नाही तं मग नाही येत." सहा महिने माघात भरत होते. बाहेर चालायले खेमराज तयार नव्हता. गल्लीतले लोक पाहतात म्हणे. काल ट्रक चालवणारा माणूस आज पाय ओढत चालते, हे त्याले दाखवायचं नव्हतं.

मग माझी नात संघमित्रा, ती नागपूरले नर्स आहे, तिनं बंद पडलेल्या एका व्यायामशाळेतून जुनी मशीन आणून दिली. मधल्या खोलीत ठेवली. पायाखाली काळा रबरी पट्टा, पुढे मोटर, वर आकडे दाखवणारी काच, दोन्हीकडे धरायले दांडे. एक लाल चाबी दोरीले बांधलेली. दोरीचा चिमटा अंगातल्या कपड्याले लावायचा. माणूस पडला की चाबी ओढल्या जाते, आणि मशीन बंद. चाबी लावल्याशिवाय ते चालूच होत नाही.

मी संघमित्राले म्हटलं, "काय व, कोसभर चालायचं आणि राहायचं घरातच?"

"हौ आजी," ती म्हणे, "तुले पण चालवते, थांब."

खेमराज तीन दिवस चढला. चौथ्या दिवशी डावा पाय अडकला आणि तो तोंडावर आपटला. चाबीनं मशीन थांबली म्हणून थोडक्यात वाचला. त्यानंतर तो चढलाच नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहे. मी समजवायले गेली की म्हणे, "माय, मले नाही होत. सोड."

मार्गशीर्ष गेला, पूस लागला. मशीनवर वाळलेले कपडे पडू लागले. सरिताले ते पाहवलं नाही, तिनं चैतरामले बोलावलं. चैतराम आमच्या वार्डात पंखे, कूलर, शिलाई मशिनी दुरुस्त करते. अर्धं हिंदी बोलते, अर्धं मराठी. त्यानं पट्टा पाहिला. डावीकडे सरकला होता. मागच्या टोकाले दोन बोल्ट असतात, ते त्यानं पाव-पाव फेरा फिरवून पट्टा मधात आणला. मोटरीवरचं झाकण काढून फुंकर मारून धूळ उडवली.

"काकी," तो मले म्हणे, "उभी राह्यली तं ही जास्त बिघडते. पट्ट्याखाली तेल द्या महिन्यातून एकदा. थोडंसंच. और वायर सिधी भिंतीच्या बोर्डात लावजा, लांबवलेल्या वायरवर नको."

तेलाची एक बाटली देऊन तो गेला. मी ती उघडून पाहिली. ना वास, ना रंग. बोटाले लावलं तं पाण्यासारखं. मले ते तेल वाटलंच नाही. म्हटलं, दुकानदारानं ठगवलं बिचाऱ्याले. माझ्या बापाच्या बैलगाडीचा आख टोरीच्या तेलावर चाले. खेमराजच्या बापाचे गुडघे टोरीच्या तेलावर चालले. मग एका पट्ट्याले काय होते? म्हणून मी घाण्यावर गेली, आणि दुपारी हातानं चांगलं चोळून चोळून पट्ट्याच्या खालून, वरून, सगळीकडून तेल दिलं. कातड्याले देतात तसं.

रात्री थंडी पडली. टोरीचं तेल थंडीत थिजते, हे मी जन्मभर पाहिलं होतं, पण तवा ध्यानात आलं नाही. सकाळी पट्टा पांढरा पडला होता, तुपासारखा. सरिता शाळेत पोषण आहार रांधायले जाते, ती घाईत होती. तिनं मशीन चालू करून पाहिली. मोटर गुरगुरली, जळका वास आला, काचेवर काहीतरी आकडा आला आणि सगळं बंद. चाबी काढून तिनं कोनाड्यात ठेवली आणि वायर बोर्डातून उपसली.

"माय, काय केलं व तुम्ही?"

"तेल दिलं."

तिनं कपाळाले हात लावला, हसली, आणि गेली. चैतरामले फोन केला तं तो परसवाड्याले बहिणीकडे होता, आठ दिवसांनी येतो म्हणे.

त्याच दुपारी ते झालं.

तीनचा वखत असंन. विजेची लाईन गेलती. मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. घर इतकं चूप की सुपात खडा पडला तरी ऐकू ये. आणि मधल्या खोलीतून आवाज आला.

धप्… सर्रर… धप्… सर्रर…

मले वाटलं खेमराज खाटेवरून पडला. उठली, ओट्याले धरत धरत गेली. मधल्या खोलीची खिडकी थंडीनं बंद होती, आत अंधार. टोरीच्या तेलाचा कडवट वास नाकात भरला, आणि त्याच्यामागं आणखी एक वास, ओल्या मातीच्या खड्ड्यासारखा. डोळे अंधाराले सरावले तसं दिसलं. माझा खेमराज मशीनवर चालत होता.

लाईन नव्हती. वायर जमिनीवर पडली होती. लाल चाबी कोनाड्यातच होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आणि पट्टा सरकत होता, एका चालीनं, जसं कोणी दळत असावं.

त्यानं दांडे धरले नव्हते. दोन्ही हात पुढे केले होते, कमरेच्या उंचीवर, बोटं मुडपलेली. डोळे अर्धे मिटलेले.

"खेमराज…" मी म्हटलं.

"बोलू नको माय…" तो म्हणे, अगदी हळू. "हात सुटतीन…"

मी दाराची चौकट धरून उभी राह्यली. किती वेळ ते सांगता येत नाही. तो चालत होता. डावा पाय ओढल्या जाय, पण पुढे ये. मग त्यानं लहान लेकरासारखं म्हटलं, "आलो… आलो ना…" आणि पट्टा थांबला. तो उतरला, भिंतीले धरून खाटेवर गेला आणि झोपी गेला. कपाळ घामानं भिजलं होतं. पुसाच्या थंडीत.

मी खिडकी उघडली आणि पट्टा पाहिला.

थिजलेल्या तेलात पाय उमटले होते. एक जोडी खेमराजची. डाव्या पायाची लांब फरपट, मले ओळखू आली. आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर दुसरी जोडी. तिच्या टाचा पलीकडे, बोटं त्याच्याकडे. पाय उलटे.

उलट्या पायाचं कोण असते ते आमच्याकडे लेकराले पण माहीत आहे. पण आम्ही बौद्ध लोक. आमच्या घरी भूतपिशाच मानत नाहीत, भूत उतरवणाऱ्या गुनियाच्या दारात कोणी जात नाही. खेमराजच्या बापानं तं साऱ्या वार्डाले शिकवलं होतं की हे सगळं खोटं आहे. मी कोणाले सांगू? सरिताले सांगितलं असतं तं ती मशीन फेकून देती. आणि माझं पोरगं आज चाललं होतं.

मी पट्ट्यावर जुनं लुगडं टाकलं आणि चूल पेटवायले बसली. काडी तीनदा विझली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पण. दुपारी सरिता गेली, घर चूप झालं की धप्… सर्रर… मी दारात उभी राहो आणि पुढे पाऊल टाको नाही. तिसऱ्या दिवशी फरपट थोडी कमी ऐकू आली, हे मात्र मले समजलं. सरिताले मी एवढंच सांगितलं की खेमराज दुपारी घरातच चालते.

त्या संध्याकाळी समोरच्या घरची मंजू अंगणात आपल्या वर्षाच्या पोराले चालवत होती. त्याचे दोन्ही हात धरून ती स्वतः मागं मागं सरकत होती, आणि पोरगं तिच्या तोंडाकडे पाहत डुगडुग पुढे येत होतं. मी पाहतच राह्यली. धुळीत तिचे पाय उमटले होते. टाचा पलीकडे, बोटं पोराकडे.

मी तिच्या अंगणात जाऊन त्या पावलांपाशी वाकली.

"काय झालं मोठी माय?" मंजू म्हणे.

"काही नाही व. चालव तू त्याले."

पाय उलटे नव्हतेच. कोणीतरी माझ्या लेकराचे हात धरून मागं मागं चालत होतं. आणि उकव्याच्या क्वार्टरसमोर खेमराज वर्षाचा असताना त्याले तसं कोणी चालवलं होतं, ते मी विसरली नव्हती. त्याचा बाप फकिरा, खदानीतली पहिली पाळी करून येई, भाकर खायच्या आधी लेकराचे हात धरी. "ये बापू, ये… ये…" तीन वर्षं झाली त्याले जाऊन. त्याच मधल्या खोलीत गेला.

त्या रात्री मी बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, आणि खूप वर्षांनी नवऱ्याचं नाव घेऊन बोलली. म्हटलं, फकिरा, तुझे उपकार आहेत. जिवंतपणी तू भांडला, रागावला, पण लेकराले टाकलं नाही. मेल्यावरही टाकलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून दुपारी कपभर काळा चहा खिडकीत ठेवू लागली. सरिता विचारे, "कोणाचा चहा?" मी म्हणो, "माझाच, निवून राह्यला."

खेमराजले एकदाच विचारलं. तो म्हणे, "बाबा आहेत माय. तोंड दिसत नाही, अंधार असते. पण हात आहेत." मग डोळे पुसले आणि म्हणे, "गार आहेत, पण घट्ट धरते."

आठव्या दिवशी चैतराम आला. मशीन आडवी केली, पट्टा ढिला केला, आणि खाली हात घालून वास घेतला.

"काकी, हे गुल्लीचं, टोरीचं तेल आहे ना? पुऱ्या तळायच्या होत्या का?"

"तुझी बाटली नुसतं पाणी होती."

"ते सिलिकॉन होतं, मेरी मां. वास नसतेच त्याले." हसत हसत त्यानं मोटरीचं झाकण काढलं, आणि मग त्याचं हसणं थांबलं. आतलं बोर्ड जळून काळं झालं होतं. "ही तं पहिल्याच दिवशी गेली. सरिताबाई म्हणते भाऊ रोज चालून राह्यले. कशावर चालून राह्यले?"

त्यानं पट्ट्याखालची लाकडी फळी पाहिली, बोटानं चाचपली. "दोन जण एकदम चढता का काकी? फळी दोन ठिकाणी घासली. एका माणसाच्या वजनानं असं होत नाही. तोडून टाकता मशीन."

"नाही चढणार आता," मी म्हटलं.

त्यानं नवीन बोर्ड टाकलं, फळी रॉकेलच्या फडक्यानं पुसली, मग पट्टा पुसायले घेतला. मी म्हटलं, थांब बापू. मी पट्ट्यापाशी वाकली. खिडकी उघडी होती, चांगलं ऊन आत आलं होतं. शेवटची पावलं ताजी होती. माझ्या माणसाचा पाय एकदा डोळे भरून पाहावा, एवढंच मनात होतं.

मग म्हटलं, "पूस."

माघात डॉक्टरानं खेमराजले चालवून पाहिलं, दोनदा पाहिलं. सरिता तिथंच रडली. आता तो मशीनवर चढत नाही. काठी नाही, आधार नाही. रोज संध्याकाळी बैहर रोडनं चालत जाते आणि दिवेलागणीले घरी येते. गल्लीतले लोक पाहतात, त्याले आता काही वाटत नाही. मले कोणी विचारलं की तुमच्या घरी सुख आहे का, तं मी हौ म्हणते, आणि ते खोटं नाही. माझं लेकरू त्या खाटेवरून उठलं. ज्यानं उठवलं त्याचे पाय धुवून पाणी प्यायले मी तयार आहे.

पण त्या दिवशी उन्हात मी जे पाहिलं ते मी कोणाले सांगितलं नाही. फकिराच्या उजव्या पायाची दोन बोटं खदानीत गेलती, लग्नाच्याही आधी. पन्नास वर्षं मी त्या पायाले तेल लावलं. पट्ट्यावरच्या उजव्या पायाले पाच बोटं होती. नीट, लांब, पाचही.

काल खेमराज उशिरा आला. मी दारातच बसली होती.

"कुठवर गेलता बापू?"

"नाल्याच्या पुलापलीकडे." तो आनंदात होता. "बाबा रोज थोडं थोडं पुढे नेते, माय. मग हात सोडते, मी वापस येतो."

"हौ," मी म्हटलं.

तो पायातल्या चपला काढत होता. दोन्ही पाय सारखे, मजबूत. मग मनगटं चोळत म्हणे, "आज सोडतच नव्हते. मलेच ओढून घ्या लागले हात."

मी त्याले पाणी दिलं. उपकार तं मी मानते, आजही मेणबत्ती लावून मानले. फक्त आता मनातल्या मनात मानते. नाव घेत नाही.